पुरात भिजलेले ‘जनता’: किती भाग बदलले तरी घड्याळ बाबांचेच राहील?

लोलक

नमस्कार. माझ्या वडिलांनी १९७३ साली, शिक्षकाच्या नोकरीतल्या पहिल्या दिवाळीला, एचएमटीचे ‘जनता’ घेतले आणि निवृत्त होईपर्यंत तेच वापरले. डायलवर देवनागरीत ‘जनता’ लिहिलेले, सतरा खड्यांचे, रोज चावी द्यावी लागणारे साधे घड्याळ. बाबा गेल्यानंतर आम्ही ते चिपळूणच्या घरी, खालच्या मजल्यावरील कपाटात, त्यांच्या चष्म्याच्या डबीत जपून ठेवले होते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी घरात शिरले, तेव्हा माणसे आणि कागदपत्रे तेवढी वर नेता आली. डबी चौथ्या दिवशी चिखलात सापडली. मी घड्याळ पुसले, काही दिवस तांदळाच्या डब्यात ठेवले आणि मग मन होईना म्हणून तसेच ठेवून दिले. ही शेवटची गोष्ट चुकीची होती, हे आता कळते आहे.

गेल्या महिन्यात ते दोन ठिकाणी दाखवले. पहिल्या दुकानदाराने एका मिनिटात सांगितले की, ‘हे मशीन टाकून देऊ, दुसऱ्या ‘जनता’चे चालू मशीन बसवू, डायल रंगवून घेऊ, काटे नवे टाकू, केस, म्हणजे बाहेरचे आवरण, बफ करून चकचकीत करू, आठ दिवसांत कोरे करकरीत मिळेल.’ दुसरे वयस्क घड्याळजी होते. त्यांनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि उघडल्याशिवाय काही सांगणार नाही, पण पुष्कळ भाग बदलावे लागतील, एवढेच म्हणाले.

डायलवर चार ते पाचच्या दरम्यान तपकिरी डाग पडला आहे, काट्यांवर गंज आहे, चावी फिरत नाही. घड्याळ विकायचे नाही, वापरायचे आहे. कोणता भाग बदलला तर चालतो आणि कोणता बदलला की ते बाबांचे घड्याळ उरत नाही, याविषयी अनुभवी सदस्यांचे मत हवे आहे.

उगाचच

आमच्या घरातल्या घड्याळात आता फक्त वेळ तेवढी मूळची उरली आहे, आणि तीही दहा मिनिटे मागे असते.

चिमटा

माझे वडील घड्याळजी होते. मी त्यांच्या टेबलाशेजारी बसून मोठा झालो, धंदा मात्र पुढे चालवला नाही, त्यामुळे पुढील मजकूर अर्धा पाहिलेला आणि अर्धा ऐकलेला आहे असे समजावे.

घड्याळातील काही भाग मुळातच झिजण्यासाठी असतात. काच, चावी आणि तिची दांडी, मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी, घड्याळ चालवणारी स्प्रिंग), पाणी अडवणारी रबराची कडी, हे भाग कंपनीच्या दुरुस्ती केंद्रातही सहज बदलले जात. पन्नास वर्षे वापरलेल्या घड्याळात पहिलीच मेनस्प्रिंग असेल, अशी आशा धरू नये. वडील जुनी स्प्रिंग डबीतून सोडून टेबलावर ठेवत. जिवंत स्प्रिंग उलट वळण घेऊन नागमोडी पसरते आणि थकलेली गुंडाळी करून पडून राहते. पडून राहणारी स्प्रिंग ‘मूळची आहे’ म्हणून परत बसवण्यात काहीही अर्थ नसतो.

आता पुराचा प्रश्न. पाणी बहुधा चावीच्या भोकातून आत जाते, म्हणून गंज आधी दांडीला, मग वेळ लावण्याच्या यंत्रणेला आणि डायलच्या खालच्या बाजूला धरतो. मशीनची पाटी (जिच्यावर सर्व भाग बसतात) आणि चाके वरून धरून ठेवणारे पूल पितळेचे असून त्यांवर मुलामा असतो. ते सहसा वाचतात. चाकांच्या आसांना आधार देणारे खडे कृत्रिम माणकाचे असतात, त्यांना पुराचे काही वाटत नाही. पोलादाचे भाग मात्र जातात. बॅलन्सच्या, म्हणजे मागे-पुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाच्या, केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगवर गंजाचा एक ठिपका जरी असला तरी घड्याळ कधीच नीट वेळ दाखवणार नाही, आणि हेअरस्प्रिंग त्या बॅलन्सशी जुळवलेली असल्यामुळे दोन्ही एकत्रच बदलणे शहाणपणाचे ठरते.

स्क्रू गंजून आत तुटला तर पाटी टाकून द्यावी लागते, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. वडील बाकीचे सर्व पोलादी भाग काढून नुसती पाटी तुरटीच्या कोमट पाण्यात ठेवत. तुरटी पोलाद खाते आणि पितळ सोडते. एक-दोन दिवसांत स्क्रूचा काळा गाळ होऊन भोक मोकळे होते. थोडक्यात, दुसऱ्या घड्याळजींकडे जा.

व्यवहारी

मला हा सगळा खल जरा अतिरेकी वाटतो. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि पुढे ‘जनता’ अक्षरशः जनतेच्या मनगटावर गेले. ते दुर्मीळ नाही. त्याचे भाग एकमेकांना बसावेत अशाच रीतीने ते घडवलेले आहे, म्हणून चालू मशीन बसवण्यात फसवणूक कसली? शिवाय धागाकर्त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. डायलवरचा डाग वडिलांच्या हातून पडलेला नाही, तो त्यांच्या पश्चात पुराने पाडला आहे. ती वडिलांची आठवण नव्हे, वाशिष्ठीची आहे. ती जपण्याची सक्ती कशासाठी?

चुनेगच्ची

व्यवहारी यांचा शेवटचा मुद्दा जोरकस आहे, तरी मी सहमत नाही. मी जुन्या वाड्यांच्या संवर्धनाचे काम करते. आमच्या क्षेत्रात १९६४ ची व्हेनिसची सनद प्रमाण मानतात. तिच्यात हरवलेल्या भागाच्या जागी नवा भाग बसवताना दोन अटी सांगितल्या आहेत: तो मूळ वास्तूशी एकरूप दिसावा, पण जवळून पाहणाऱ्याला तो नवा आहे हे ओळखूही यावे. त्याच सनदेनुसार वास्तूवर वेगवेगळ्या काळांनी जी भर घातली, तिचाही आदर करायचा असतो. पुराची रेघ ही अशी भर मानायची की नुकसान, हे प्रत्येक वास्तूपुरते ठरवावे लागते, आणि आम्ही त्यावर बैठकीत तासन्‌तास भांडतो, हे कबूल करते.

मात्र एक कसोटी उपयोगी पडते: जे करतो आहोत ते उद्या उलट फिरवता येईल का? काच बदलली तर जुनी काच पुडीत राहते. डायल रंगवले तर जुना रंग आधी खरवडून काढलेला असतो, तो परत येत नाही. बफिंगने गेलेला धातूही परत येत नाही. म्हणून परतीची वाट असलेली कामे बेधडक करा आणि नसलेली कामे शक्य तितकी पुढे ढकला.

मिरजमळा

आमच्याकडे तंबोऱ्याचे उदाहरण देतात. तारा वर्षातून कितीदा बदलतात याची कोणी गणना ठेवत नाही. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची जवारी वारंवार काढावी लागते, म्हणजे नाद खुलावा म्हणून तिचा माथा घासावा लागतो, म्हणजे मूळचे हाड घासून घासून संपत जाते आणि शेवटी घोडीच नवी येते. तंबोरा तोच राहतो. भोपळा फुटला तर मात्र घरात सुतक पडल्यासारखे होते. कारागीर तडा सांधून देतात, तो सांधा दिसतो, आणि आवाज पूर्वीचाच राहिला तर त्या सांध्याचेही कौतुक होते. भोपळा बदलला की त्याला ‘आजोबांचा तंबोरा’ म्हणताना जीभ अडखळते. तुमच्या घड्याळात भोपळा कोणता, ते आधी ठरवा. मला तो डायल वाटतो.

चिमटा

@मिरजमळा, भोपळा डायल आणि केस मिळून. मशीन म्हणजे तारा आणि घोडी.

व्यवहारी

मग मी तेच म्हणतो आहे! मशीन बदलून टाका.

चिमटा

तारा तुटल्या म्हणून कोणी घोडी, खुंट्या आणि दांडी एका दिवशी फेकून देत नाही. जे बिघडले तेवढेच बदलणे यालाच दुरुस्ती म्हणतात. अख्खे मशीन बदलणे दुकानदाराला सोयीचे असते, कारण त्याला तास-दोन तास लागतात आणि भाग सुटे करून साफ करायला दोन-तीन दिवस.

पिवळी पाने

मी जुनी घड्याळे जमवते, म्हणून डायल रंगवण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. परदेशी संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे आणि तो कौतुकाचा नाही. जुन्या स्विस किंवा जपानी घड्याळाची खराब डायल घासून त्यावर नवा, बहुतेकदा भडक रंग द्यायचा, नाव नव्याने छापायचे, तीन घड्याळांचे भाग एकात बसवायचे आणि ते ‘व्हिन्टेज’ म्हणून ऑनलाइन विकायचे, असा हा प्रकार आहे. एचएमटी, फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड, सिको या सर्वांचे असे अवतार मी पाहिले आहेत. एचएमटीने कधीही न काढलेले पोपटी रंगाचे ‘पायलट’ मी स्वतः पैसे मोजून घेतलेले आहे, तेव्हा हसणाऱ्यांनी जपून हसावे.

ओळखायचे कसे, तर भिंगातून अक्षरांच्या कडा पाहाव्यात. मूळ छपाईत अक्षर किंचित उठावदार आणि कडेला स्वच्छ असते. रंगवलेल्या डायलवर शाई पसरलेली, अक्षरांतील अंतर कमी-जास्त आणि मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी न जुळणाऱ्या दिसतात. बारीक अक्षरांतली ओळ बहुधा गाळलेली असते.

हा प्रश्न स्वस्त घड्याळांपुरता आहे असेही समजू नका. २०२१ साली जिनेव्हाच्या लिलावात ओमेगाचे एक जुने स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. घेणारी स्वतः ओमेगाच होती, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेले होते आणि त्यात कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. भाग बदलणे हा तिथे गुन्हा नव्हता, ते न सांगणे हा होता. म्हणून लोलक, तुम्ही विकणार नसलात तरी काय बदलले याची चिठ्ठी डबीत ठेवा. तुमची नातवंडे विकतील.

उगाचच

पोपटी ‘पायलट’ बहुधा हिरवा दिवा मिळाल्यावर उडत असावे.

स्वार

मूळ प्रश्नापासून किंचित दूर जातो, पण सावधगिरीची गोष्ट आहे. माझ्याकडे आजोबांचे वेस्ट एंड वॉच कंपनीचे ‘सोवार प्राइमा’ आहे. ही कंपनी १८८६ पासून मुंबईत व्यापार करत होती आणि रेल्वेत नि सैन्यात तिची घड्याळे पुष्कळ होती. त्या काळच्या अंधारात चमकणाऱ्या काट्यांत आणि आकड्यांत रेडियम असते. आता ते चमकत नाही, म्हणून ते संपले असा लोकांचा गैरसमज होतो. चमकणारा जस्ताचा क्षार जळून गेलेला असतो, रेडियम तसेच असते, कारण त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. अशी डायल घरी उघडून खरवडू नये, त्यावर फुंकर मारू नये आणि ‘नवा रेडियम भरून देतो’ म्हणणाऱ्याकडे तर अजिबात देऊ नये. पुढच्या काळातील स्विस डायलवर तळाशी ‘टी’ हे अक्षर दिसले तर त्यात ट्रिटियम असते. त्याचे अर्धायुष्य जेमतेम १२ वर्षे असल्यामुळे ते बहुतांशी निवून गेलेले असते. मी माझे काटे पिवळे पडले तसेच ठेवले आहेत. रात्री वेळ पाहायला मोबाइल आहे.

निळी शाई

एक प्रश्न कोणीच विचारलेला नाही. सुटे भाग येणार कुठून? केंद्र सरकारने २०१६ साली एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. जुना शिल्लक माल हळूहळू संपत आहे. म्हणजे एका ‘जनता’साठी दुसरे मोडायचे. एका बाबांचे घड्याळ वाचवायला दुसऱ्या कोणाच्या तरी बाबांचे घड्याळ उघडायचे, हे मला पटत नाही.

चिमटा

पटण्यासारखे नाहीच, पण त्यालाही रीत आहे. ज्या घड्याळाची केस खाल्ली गेली आहे, डायल रंगवून आधीच वाया गेली आहे, अशाचे मशीन घ्यावे. पिवळी पाने यांचे पोपटी ‘पायलट’ तर त्यासाठी आदर्श आहे.

पिवळी पाने

त्याला हात लावाल तर याद राखा. आता माझा त्याच्यावर जीव जडला आहे.

ठाणेकर_०७

बदलण्याआधी साधे उपाय करून पाहावेत, यासाठी माझा अनुभव देतो. माझे जुने घड्याळ अचानक दिवसाला दहा-बारा मिनिटे पुढे जाऊ लागले. एका दुकानात हेअरस्प्रिंग बदलावी लागेल असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी त्या गृहस्थांनी आधी होकायंत्र जवळ धरले, सुई हलली, घड्याळ चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर ठेवले, बटण दाबले आणि हळूहळू दूर नेले. पाच मिनिटांचे काम. मी ते रोज रात्री स्पीकरवर ठेवत होतो, हा दोष माझा.

लोलक

सर्वांचे आभार. घड्याळ वयस्क घड्याळजींकडे दिले आणि त्यांनी माझ्यासमोर उघडले. दोन गोष्टी अनपेक्षित निघाल्या.

पहिली म्हणजे मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, सुईने ओरखडल्यासारख्या, तीन तारखा होत्या: १९७९, १९८६ आणि १९९४. शेजारी दोन वेगवेगळ्या हातांच्या खुणा. घड्याळजी म्हणाले की, पूर्वी दुरुस्ती करणारा आपली खूण आत करून ठेवत असे, म्हणजे गिऱ्हाईक परत आले तर काम आपले की दुसऱ्याचे, हे कळत असे. १९९४ ची खूण पाहून ते थोडा वेळ गप्प बसले. ती त्यांच्या गुरूंची होती.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. त्यांच्या मते सेकंदकाटा ‘जनता’चा नव्हेच, एचएमटीच्याच दुसऱ्या घड्याळाचा आहे, मूळ काट्यापेक्षा किंचित आखूड, त्यामुळे त्याचे टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचत नाही. घरी येऊन जुने फोटो काढले. १९७६ च्या एका गटछायाचित्रात बाबांचा हात नेमका पुढे आला आहे आणि भिंगातून पाहिल्यावर काटा रेघांवर टेकलेला दिसतो. म्हणजे कधीतरी दुरुस्तीत तो बदलला गेला आणि बाबांनी पुढची अनेक वर्षे हाच आखूड काटा पाहिला. मी ज्या मूळ काट्यांसाठी झुरत होतो, त्यांतला एक मुळातला नव्हताच. घड्याळजींकडे ‘जनता’चा जुना, योग्य लांबीचा काटा आहे. बसवू का?

व्यवहारी

माझे मत आता बदलले आहे. आखूड काटा राहू द्या. तुम्हाला १९७३ चे घड्याळ हवे आहे की बाबांचे, असा प्रश्न असेल तर उत्तर सोपे आहे.

पिवळी पाने

संग्राहक म्हणून मी योग्य काटा बसवीन, कारण तो त्याच घड्याळाचा, त्याच काळातला आहे आणि आखूड काटा पुडीत ठेवता येतो. परतीची वाट आहे. तथापि हे घड्याळ माझे नाही, आणि तुमचा धागा वाचताना मलाच माझ्या उत्तराचा कंटाळा आला आहे.

चुनेगच्ची

वाड्याच्या दारावर १९५० साली कोणी लोखंडी कडी बसवली असेल आणि मूळची पितळी कडी कुठे मिळाली असेल, तर आम्ही पितळी कडी संग्रहात ठेवतो आणि लोखंडी दारावर राहू देतो. त्या घरात माणसांनी हात घातलेली कडी तीच असते. शिवाय घड्याळजींकडे आहे तो तर तुमचा मूळ काटाही नव्हे, मूळसारखा दुसऱ्याचा काटा आहे.

मिरजमळा

तारखांच्या खुणा मात्र कोणालाही घासू देऊ नका. बफिंग करणारा झाकण आतूनही चकचकीत करून देईल. त्याला वाटते आपण उपकार करतो आहोत.

निळी शाई

चौथी तारीख कोण कोरणार?

लोलक

घड्याळ काल मिळाले. नोंद ठेवायची म्हणून सविस्तर लिहितो.

बदललेले भाग: काच, मेनस्प्रिंग, चावी आणि दांडी, वेळ लावण्याच्या यंत्रणेतील दोन पोलादी भाग, हेअरस्प्रिंगसह बॅलन्स आणि चार स्क्रू. एक स्क्रू तुरटीनेच निघाला; चिमटा यांचा निरोप सांगितला तेव्हा घड्याळजी म्हणाले, ‘त्यांना सांगा, आम्ही फटकी, म्हणजे तुरटी, अजूनही वाण्याकडूनच आणतो.’ भाग आले ते एका सडलेल्या केसच्या ‘जनता’मधून, तिची डायल कोणीतरी आधीच निळी रंगवलेली होती.

तास आणि मिनिटाच्या काट्यांवरचा गंज त्यांनी लाकडी काडीने टेकवून टेकवून उतरवला, खड्डे राहिले. डायलला फक्त मऊ ब्रशने धूळ झटकण्यापुरता हात लावला. ओल्या कापसाने डाग निघेल का, असे मी विचारले, तर डागाबरोबर ‘जनता’ही निघेल, असे उत्तर मिळाले. केस बफ केलेली नाही. तिच्यावर क्रोमचा मुलामा आहे आणि पट्टा अडकवायच्या कानांच्या टोकांना आधीच पितळ दिसते. सेकंदकाटा आखूडच ठेवला. काढलेले सर्व भाग एका कागदी पुडीत घालून दिले आहेत आणि चौथी तारीख गुरूंच्या खुणेखाली त्यांनी माझ्यासमोर कोरली.

घड्याळ दिवसाला पंचवीस सेकंद मागे पडते. डाग जिथल्या तिथे आहे. आई काल दुपारी चहा ठेवायला उठली तेव्हा माझ्या मनगटाकडे पाहून म्हणाली, ‘वाशिष्ठी वाजली वाटते.’ आता आमच्या घरी चारला तेच नाव पडले आहे.

उगाचच

या धाग्यावर मला शेवटी विनोद सुचत नाही, याची नोंद घ्यावी.

चिमटा

पंचवीस सेकंद काही फार नाहीत. नवी स्प्रिंग बसायला महिनाभर जाऊ द्या, मग त्यांच्याकडूनच बॅलन्सवरची वेग कमी-जास्त करायची पट्टी केसभर सरकवून घ्या. चावी रोज सकाळी एकाच वेळी द्या आणि अडली की थांबा. चष्म्याची डबी मात्र या वेळी वरच्या मजल्यावर ठेवा.